जखमेचं पाणी खारट असतं

१२ नोव्हेंबर २००१, ब्रह्मपुरी

प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात, म्हणून ही दुसरी वही. कॉलेजातल्या जुन्या जर्नलमधली कोरी पानं काढून शिवली आहे.

आज सुट्टी होती, म्हणून दादाची पट्टी बदलताना मी पहिल्यांदा तिथे होते. कापूस जखमेला घट्ट चिकटला होता. रुखमावहिनी कोमट पाणी टाकून हळूहळू सोडवत होत्या, तरी शेवटी कापसाबरोबर नवी आलेली गुलाबी कातडी निघून आली. वहिनींचा हात थांबला. दादा पालथा पडून खिडकीबाहेर पाहत होता.

"काऊन थांबली?" पाण्याचा आवाज बंद झाल्यावर त्यानं विचारलं.

"झालं, झालं," वहिनी म्हणाल्या आणि तो कापूस त्यांनी मुठीत लपवला.

दादाला काही कळलं नव्हतं. ऑगस्टमध्ये सावली गावाजवळ विजेच्या खांबावरून पडला तेव्हापासून बेंबीच्या खाली त्याला काहीच कळत नाही. चटका नाही, चिमटा नाही. अठरा वर्षं लाईनमन होता. नागपूरच्या दवाखान्यातून घरी पाठवला तेव्हा माकडहाडावर लहानसा लाल डाग होता, आता तिथे तळहाताएवढी जखम आहे.

मी तेरा वर्षं रसायनशास्त्र शिकवते. घरात ही जखम आहे आणि मी फळ्यावर बेंझिनची कडी काढून दाखवते. मला एक मऊ, पाण्यानं भरलेली जेली करायची आहे, जी जखमेचं पाणी पिऊन घेईल आणि चिकटणार नाही. मोठ्या शहरांत तशा पट्ट्या मिळतात असं वाचलंय. इथल्या औषधाच्या दुकानात विचारलं तर त्यानं मला केस बसवायची जेली दाखवली.

१८ नोव्हेंबर

रोपवाटिकेत मातीत मिसळतात ती पांढरी पावडर आणली. अर्धा चमचा शुद्ध पाण्यात टाकला आणि दहा मिनिटांत बीकर काठोकाठ भरला. उलटा केला तरी पडला नाही. तसाच घरी नेला. दादानं हातात घेऊन फिरवून पाहिला.

मलमलीत बांधून ती जेली जखमेवर ठेवली. तीन तासांनी उघडली तर जेली नव्हतीच, सगळीकडे पाणी आणि मधे साबुदाण्यासारखे कडक कण. जखम आधीपेक्षा ओली.

"जखमेले पाणी पाजून राह्यली का वं?" दादा म्हणाला. हसला. मला हसता आलं नाही.

कॉलेजात सलाईनच्या बाटलीतलं पाणी घेऊन पुन्हा केलं, तेच झालं. त्या पावडरीच्या लांब साखळ्यांवर सगळीकडे सारखाच विद्युतभार असतो. ते भार एकमेकांना दूर ढकलतात, साखळ्या फाकतात आणि मधे पाणी शिरतं. मीठ आलं की ढकलाढकली थांबते, साखळ्या आवळतात, पाणी बाहेर पडतं. एवढं मला ठाऊक होतं. जखमेचं पाणी आसवांइतकंच खारट असतं हे मात्र सुचलं नव्हतं.

३ डिसेंबर

आज प्राणिशास्त्राच्या मुलांना बकऱ्याचे डोळे कापायला दिले होते. आमचे प्रयोगशाळेतले हाफिजभाई दोन्ही विभागांचं काम बघतात. ते ट्रे धुवायला घेऊन चालले होते. एका डोळ्यातून काचेसारखा स्वच्छ गोळा बाहेर आला होता. मी ट्रे हातातून घेतला.

"मॅडम, घाण आहे ते," ते म्हणाले.

मी तो गोळा बोटावर घेतला. जवळजवळ सगळं पाणीच, तरी वाहत नाही. आणि हा जन्मभर खाऱ्या पाण्यातच राहतो. शरीरात गोडं पाणी असतं कुठे. तरी तो आवळत नाही, सुरकुतत नाही. म्हणजे हे जमतं. बकऱ्याच्या शरीराला जमतं.

लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात शोधलं. डोळ्यात दोन गोष्टी असतात. एक ताठ धाग्यांचं जाळं, जे आकार धरतं, आणि त्यात अडकलेल्या लांब साखळ्या, ज्या पाणी धरतात. माझ्या पावडरीत एकाच साखळीवर दोन्ही कामं होती. जाळं असं हवं की ज्यावर भारच नाही. मग मीठ त्याचं काय करणार?

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू मले बकऱ्याचा डोळा लावशीन."

२२ डिसेंबर

जाळ्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. कपाटात एक जुना डबा सापडला. ते गरम पाण्यात विरघळवायचं, गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. चार-पाच वेळा केलं की रबरासारखी जेली होते. पाणी धरण्यासाठी धावड्याचा डिंक. हाफिजभाईंनी गडचिरोलीकडच्या बाजारातून चांगला पिवळसर डिंक आणून दिला. हाफिजभाईंच्या साल्याचं कोल्ड्रिंकचं दुकान आहे, त्याच्या फ्रीजरमध्ये माझे ट्रे ठेवले आहेत.

घरी दादाच्या खाटेजवळ स्टूल मांडलं. त्यावर छोटा तराजू, घड्याळ, सलाईनच्या वाट्या. दर तासाला तुकडा चिमट्यानं काढायचा, टिपायचा, तोलायचा, लिहायचा. हे दादा करतो, कुशीवर पडल्यापडल्या. अक्षर खणखणीत आहे त्याचं. मी घरी आले की आधी वही पुढे करतो.

"चार महिन्यानं मले काम भेटलं," आज म्हणाला. "लय बरं वाटते."

वहिनी त्याला कुशीवर वळवायला आल्या तर म्हणाला, "थांब, दहा मिनिटं बाकी आहेत." वहिनी उभ्या राहिल्या. घड्याळाकडे पाहत राहिल्या.

१४ जानेवारी २००२

सात ट्रे वाया. लोडशेडिंग सहा तासांवर गेलं आहे. अर्धवट गोठतं, अर्धवट वितळतं. हातात घेतलं की सांडतं. प्राचार्यांनी विचारलं, विद्यापीठात नाव नोंदवलंय का, गाईड कोण. कोणी नाही म्हटलं तर त्यांनी मान हलवली.

मला येत नाही हे. येणारा कोणी असता तर त्याला पहिल्या आठवड्यात कळलं असतं.

दादानं आज एकही आकडा खोडला नाही. आकडे सगळे वाईट आहेत, तरी नीट रकाने आखून लिहिले आहेत.

९ फेब्रुवारी

टिकली.

दहा ग्रॅमची पट्टी चोवीस तास सलाईनमध्ये होती, चौदा ग्रॅम झाली. अठ्ठेचाळीस तासांनंतरही चौदाच. साध्या पाण्यात पंधरा. म्हणजे मिठानं तिला जवळजवळ काही केलं नाही. दादानं तीनदा तोललं. हाफिजभाईंनी हातात घेऊन ताणून पाहिली, म्हणाले, "ये तो चमडी जैसी है, मॅडम."

एक काळजी आहे. ही जेली उकळता येत नाही, वितळते. मी द्रावण उकळते, ट्रे उकळते, हात स्पिरिटनं धुते. तेवढ्यानं पुरेसं होतं का, ठाऊक नाही. डॉक्टरला विचारावं का? विचारलं तर थांबवतील.

११ फेब्रुवारी

आज जखमेवर लावली. वहिनींनी साफ करून दिली, मी ठेवली. अलगद बसली.

"कसं वाटते?" मी विचारलं.

दादा थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "थंड लागते. लय थंड. आग थांबली."

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. इतक्या महिन्यांत त्याला काहीतरी बरं वाटलं, आणि ते मी केलं.

२० फेब्रुवारी

प्लॅस्टिकच्या कागदावर जखमेची कड गिरवून, चौकटी मोजून क्षेत्रफळ काढते. पहिल्या दिवशी एक्केचाळीस चौरस सेंटिमीटर. आज तेहतीस. तळाला लालबुंद दाणे आलेत. पट्टी काढताना एक थेंबही रक्त नाही.

अडचण एकच. वहिनी दर दोन तासांनी कूस बदलतात, तेव्हा पट्टी सरकते आणि उघड्या भागावर वारा लागतो. आकड्यांत गोंधळ होतो. आज मी त्यांना म्हटलं, चार तासांनी बदलत जा.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. "नागपूरच्या सिस्टरनं दोन तास सांगतलं होतं, बाई."

"तेव्हा ही पट्टी नव्हती. जखम भरून राह्यली, तुम्ही पाहता ना?"

"पाहते."

"मग?"

त्या दादाकडे बघायला लागल्या. दादा म्हणाला, "करू दे तिले. तिच्या अभ्यासाचं आहे."

"तुमी शिकल्या आहात," वहिनी मला म्हणाल्या, आणि पाणी आणायला गेल्या.

मला त्यांची दया येते. सहा महिने त्यांना सलग तीन तास झोप नाही. आता मिळेल.

१ मार्च

पट्टी आता जागची हलत नाही. नऊ दिवसांत एकदाही सरकली नाही. आकडे स्वच्छ येतायत. क्षेत्रफळ तेहतीसवरच थांबलंय. कडेला कातडी पांढरट, भिजल्यासारखी झाली आहे. नवी कातडी अशीच दिसत असावी.

नागपूरला पंधरा-सोळा तारखेला रसायनशास्त्राचं चर्चासत्र आहे. निबंध पाठवला होता, आज उत्तर आलं. वाचायला बोलावलं आहे. शीर्षक दादाला वाचून दाखवलं तर म्हणाला, "माह्यं नाव टाकशीन का त्यात?" मी म्हटलं, आभारात टाकीन. खूश झाला.

६ मार्च

बाहेर चाळीसला पोचलंय आणि दादानं चादर मागितली. अंगावर काटा होता. सकाळचा ताप बघायचा राहिला, कॉलेजला उशीर झाला होता.

पट्टीला वास येतो. डिंकाचा असावा, उन्हाळ्यात डिंक आंबतो. पुढच्या वेळी थोडं बोरिक ॲसिड घालून बघावं. जखमेच्या मधोमध काळपट ठिपका आहे, एक रुपयाएवढा. डिंकाचा डाग. सलाईननं पुसला, गेला नाही.

जेवण कमी झालंय त्याचं. वजनाची वही मात्र लिहितो. आजच्या दोन आकड्यांत चूक होती, मी दुरुस्त केली.

१३ मार्च

वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईले बोलावू का?" इथल्या डॉ. नाहीद त्यांना म्हणायचं होतं.

मी म्हटलं, बोलावू, पण मी नागपूरहून आल्यावर. चारच दिवसांचा प्रश्न आहे. त्या पट्टी काढायला लावतील आणि महिन्याचं निरीक्षण मधेच तुटेल. दादाला विचारलं, तुला कसं वाटतं?

"मस्त," तो म्हणाला. डोळे मिटलेले होते. "थंड लागते."

मी बॅग भरत होते तोवर वहिनी खाटेशी बसून त्याचे पाय चोळत होत्या. ज्या पायांना कळत नाही ते पाय रोज कशाला चोळतात, कोण जाणे.

१७ मार्च

लिहायला पाहिजे.

काल निबंध वाचला. टाळ्या झाल्या. एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, ही कल्पना कुठून आली, मी बकऱ्याच्या डोळ्याचं सांगितलं, सगळे हसले, चांगलं हसले. आज दुपारी एसटीनं उतरले तर घराला कुलूप. शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, काल सकाळीच जीपनं चंद्रपूरला नेलं, तुमच्या वयनीनं डॉक्टरीणबाईले बोलावलं होतं.

तशीच चंद्रपूरला आले. डॉ. नाहीद दवाखान्यातच होत्या, स्वतः जीपमध्ये बसून आल्या होत्या. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

"जेली तुम्ही केली?"

"हो."

"ती छान आहे. मी हातात घेऊन पाहिली. अख्खीच्या अख्खी निघाली." मग त्यांनी मागचं दार लोटलं. "तिच्या खाली काही उरलं नाहीये, मॅडम. काळा भाग हाडापर्यंत गेलाय. जंतू रक्तात गेलेत."

मी विचारलं, जेलीमुळे का. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. असं आतपर्यंत मरतं ते बहुतेक दाबानं. एकाच जागी वजन पडून राहिलं की रक्त पोचत नाही. जेली वर असली काय नसली काय.

मग त्या आत गेल्या आणि वहिनींना विचारलं, "कूस किती वेळानं बदलत होता?"

मी दारात होते. वहिनींनी मला पाहिलं.

"दोन तासांनी," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं. माझं तोंड उघडलं होतं, पण बोलले नाही.

२० मार्च

दादा थोडा शुद्धीवर आहे. वहिनी चहा आणायला गेल्या तेव्हा मी त्याच्या कानाशी वाकले.

"दादा, थंड लागते म्हणत होतास ना?"

त्यानं मान माझ्याकडे वळवली. ओठ सुकले होते, मी बोळ्यानं ओले केले.

"मले तिथचं काय कळते वं," तो म्हणाला. "तुझं तोंड पाहून सांगत होतो."

ते मला माहीत होतं. पहिल्याच पानावर माझ्याच हातानं लिहिलंय. तेरा वर्षं मुलांना सांगते, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

२३ मार्च

सकाळी सव्वाअकराला दादा गेला. वहिनी जवळ होत्या. मी औषधाच्या दुकानावर होते.

८ एप्रिल

दादाचा जलदानविधी झाला. भंतेजींनी त्रिसरण दिलं. विजेच्या खात्यातले दादाचे सोबती आले होते, मागे उभे राहिले, जेवून गेले. हाफिजभाईंनी खुर्च्या लावल्या, शेवटी सगळ्या उचलल्या. त्यांनी मला विचारलं, कपाटातल्या पट्ट्यांचं काय करायचं. मी म्हटलं, फेका. त्यांनी फेकल्या नाहीत असं मला वाटतं.

नागपूरच्या त्या प्राध्यापकांचं पत्र आलंय. काम पुढे न्या, प्रयोगशाळा देतो. उत्तर लिहिलं नाही.

१९ एप्रिल

आज वहिनींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "डॉक्टरला दोन तास काऊन सांगतलं?"

"दोनच तासांनी बदलत होती म्हणून."

"मी चार सांगितलं होतं."

"तुमी कालेजात गेल्या का मी दोन तासांनीच पलटवत होती. तुमी घरी असल्या तरच चार." त्यांनी मान वर केली नाही. "तुमचा काई दोष नाई, बाई. त्याचं तेवढंच होतं."

मी माझ्या खोलीत येऊन दार लावलं. खरंच असेल का? दोन दिवस मी या शब्दांवर जगू शकले असते. पण प्रयोगाची वही समोर होती. वीस फेब्रुवारीनंतर रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीच्या कडेची जागा मोजलेली आहे. दोन तासांनी कूस बदलली की पट्टी सरकायची, दर वेळी. त्यानंतरच्या एकवीस दिवसांत ती एकदाही सरकलेली नाही. अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही.

मी सांगितलं तसंच वहिनींनी केलं होतं.

हे त्यांना सांगणार नाही. पण डॉ. नाहीदकडे गेले आणि सांगितलं, की कागदावर दोन लिहिलंय ते चार करा. त्या म्हणाल्या, "आता कशाला?" मी म्हटलं, चूक आहे म्हणून. त्यांनी चहा मागवला, तो मी घेतला नाही.

५ मे

सावलीकडच्या एका गावाहून मुखरू नावाचा माणूस आला होता. त्याची बायको मोहाच्या झाडावरून पडली, दोन महिने झाले, पाय गेले. पाठीला जखम आहे. ब्रह्मपुरीच्या मॅडमकडे बकऱ्याच्या डोळ्याची पट्टी भेटते असं त्यानं कोणाकडून तरी ऐकलं होतं. दारात चपला काढून उभा राहिला.

"एक द्या, बाई. जे म्हणाल ते करीन."

मी म्हटलं, पट्टी नाही. दर दोन तासांनी तिची कूस बदला, दिवसरात्र. जखमेवर तिला कधीच झोपवू नका. लगेच डॉक्टरला दाखवा, चिठ्ठी देते. एवढंच औषध आहे.

त्यानं ऐकून घेतलं. त्याचा विश्वास बसला नाही. शिकलेली बाई औषध लपवते आहे असं त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं. "दुसऱ्याले देल्ली म्हणतात ना," तो हळूच म्हणाला.

"ज्याले देल्ली तो राह्यला नाही," मी म्हटलं.

तो चपला घालायला वळला. तेव्हा आतून वहिनी आल्या. पदर खोचलेला होता.

"कशी पलटवता तिले?" त्यांनी त्याला विचारलं.

"हात धरून वढतो."

"वढू नका. कातडं निघते." वहिनींनी दादाची खाट भिंतीपासून पुढे ओढली, जाड चादर दुमडून आडवी टाकली. मग मला म्हणाल्या, "झोपा, बाई."

मी झोपले. पहिल्यांदाच त्या खाटेवर. वरच्या वाशाला कोळ्याचं जाळं लागलं होतं. त्यांनी माझा एक हात छातीवर ठेवला, एक गुडघा उभा केला, चादर दोन्ही मुठींत धरली. मुखरू जवळ येऊन उभा राहिला.

"हे असं. अंग नाई धरायचं, चादर धरायची." एका हिसक्यात मी कुशीवर झाले. काही लागलं नाही. त्यांनी पाठीशी उशी लावली, दोन गुडघ्यांमधे फडका सरकवला, टाचा उचलून पाहिल्या. मग तळहात माकडहाडावर ठेवला, साडीवरूनच, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"इथी पाहत राहायचं," त्या मुखरूला म्हणाल्या. "रोज. लाल दिसलं का समजायचं, आपल्याले उशीर झाला."

"आन् मंग?"

"मंग पुन्हा."

त्यांनी मला दुसऱ्या कुशीवर वळवलं. माझं तोंड आता भिंतीकडे होतं. मागे मुखरू विचारत होता, चादर कोणत्या हातानं आधी धरायची, आणि वहिनी त्याला म्हणत होत्या, या, आता तुमी करून पाहा.